एक रिंग म्हणजे पोचलो

लिफ्टमध्ये माणूस अडकला की त्याला पहिला आवाज ऐकू यायचा तो माझा. सानपाड्याला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या कंपनीचं ऑफिस, आणि ऑफिसच्या दारातच माझी टेलिफोनची खुर्ची. लिफ्ट बसवायचं काम मोठ्या कंपन्यांचं. त्यांनी बसवून दिल्या की पुढे त्या सांभाळायच्या आम्ही. तेलपाणी, दुरुस्ती आणि मध्येच लटकलेल्या माणसांना बाहेर काढणं. खरं तर ते सगळं मेकॅनिक करायचे, मी फक्त बोलायचे. पण आत कोंडलेल्या माणसाशी मेकॅनिक येईपर्यंत बोलत राहणं हे येरागबाळ्याचं काम नाही. आज डब्याला काय होतं, मुलगी कितवीला आहे, जावई घरात मदत करतो की नुसताच सोफ्यावर बसतो, असं काहीबाही विचारत राहायचं. जावयाच्या विषयावर बायका तर अशा रंगायच्या की दार उघडलं तरी फोन ठेवायच्या नाहीत.

मेकॅनिक लोकांशी मात्र माझं बोलणं जवळजवळ नव्हतंच. आमचं चालायचं मिस्ड कॉलवर. एक रिंग देऊन कट केला म्हणजे पोचलो. दोन रिंग म्हणजे लिफ्ट चालू झाली. तीन म्हणजे पार्ट पाहिजे, तू इकडून फोन लाव. हा कायदा खुद्द साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, केलेला. मोबाईलवर बोलायला मिनिटामागे पैसे पडायचे तेव्हाची गोष्ट. साहेब साताऱ्याकडचे, पैसा जपून वापरणारे. पुढे बोलणं फुकट झालं, पण कायदा कुणी रद्द केला नाही. मेकॅनिकचे हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये, एक अंगठा कसाबसा स्वच्छ असायचा, तो त्या एका रिंगपुरता. साहेबसुद्धा इमारतीखाली गाडी लावली की एक रिंग द्यायचे, मी चहा सांगायचे.

साहेबांची मुलगी शाळा सुटली की ऑफिसला यायची. माझ्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची, माझ्या डब्यातली भाकरी खायची आणि मला मावशी म्हणायची. संध्याकाळी ओळखीच्या रिक्षातून तिला घरी पाठवायचो. घरी पोचली की तीही मेकॅनिकसारखी लँडलाईनवरून एक रिंग द्यायची. ती रिंग आली की मी टेबलाखालून चपला ओढायचे आणि घरी निघायचे.

ती मोठी झाली, शिकली आणि पप्पांच्या धंद्यात आली. मला अजून मावशीच म्हणायची, पण काचेच्या केबिनमधून. मी तिला मॅडम म्हणावं की तू म्हणावं याचा निकाल काही लागला नाही. म्हणून मी तिला काहीच न म्हणता बोलायला शिकले.

कॉल रेकॉर्डिंगचं खूळ निघालं ते एका सोसायटीच्या सेक्रेटरीमुळे. त्यांनी म्हटलं, तीनदा तक्रार केली, तुमच्या बाईंनी नोंदच घेतली नाही. मी म्हटलं, त्यांनी एकदा फोन केला आणि त्यातही आमच्या बिलावरच भांडले. त्यांचं तोंड, माझं तोंड. पुरावा कुणाकडेच नाही. मुलगी म्हणाली, "मावशी, आपण सॉफ्टवेअर घेऊ. प्रत्येक कॉल रेकॉर्ड झाला की प्रश्नच मिटला." मलाही वाटलं बरंच होईल. सेक्रेटरीचा आवाज मी स्वतः दिवाळीच्या फराळासोबत ऐकवला असता.

मग इंजिनिअर आला. आमच्या ऑफिसात फोनच्या सगळ्या लाईन भिंतीवरच्या एका जुन्या डब्यात येतात आणि तिथून टेबलाटेबलावर जातात. त्या डब्याचा त्याने आधी फोटो काढला आणि मित्रांना पाठवला. मग म्हणाला, हा बनवणारी कंपनी तर कधीच बंद पडली. मी म्हटलं, पण डबा चालू आहे ना. नवं सॉफ्टवेअर आणि जुना डबा यांचं जमवून देणं म्हणजे इंटिग्रेशन. ते दोन दिवस चाललं. मी बोललेलं प्रत्येक वाक्य मलाच परत ऐकू यायचं. आयुष्यात प्रथमच मला कळलं की मी किती मोठ्याने बोलते. पहिला कॉल रेकॉर्ड झाला तो मी खालच्या टपरीवाल्याला दिलेल्या चहाच्या ऑर्डरचा. तो सगळ्यांनी स्पीकरवर ऐकला आणि टाळ्या वाजवल्या.

कायद्याप्रमाणे समोरच्याला आधी सांगावं लागतं की बाबा, तुझं बोलणं साठवतोय. त्यासाठी आवाज हवा होता. मुलगी म्हणाली, "मावशी, तुमचाच द्या. लोकांना तुमचा आवाज ओळखीचा आहे." मी हुरळले. जिन्यात लोकांची ये-जा नव्हती, तिथे उभी राहून तीन भाषांत बोलले. इंग्रजी तिने माझ्याकडून इतक्यांदा घोटून घेतलं की शेवटी मलाच ते खरं वाटायला लागलं. "नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. सेवेची गुणवत्ता वाढवण्यासाठी हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे. कृपया प्रतीक्षा करा." मी फोन उचलला की मेकॅनिक सोडून सगळ्यांना आधी हे ऐकू यायचं, एवढं मराठीत, तेवढंच हिंदीत, तेवढंच इंग्रजीत. तोपर्यंत लिफ्टमधला माणूस अंधारात उभा.

पहिल्या आठवड्यातच सीवूड्सचे एक आजोबा अडकले. फोन लागला, माझा आवाज ओळखला, आणि म्हणाले, "बाई, मी पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये आहे." माझा आवाज म्हणाला, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आजोबा म्हणाले, "ते ठीक आहे, पण माणूस पाठवा." आवाज म्हणाला, कृपया प्रतीक्षा करा. असं त्यांचं आणि माझ्या आवाजाचं तीन भाषांत भांडण झालं. मी खरी फोनवर आले तोवर त्यांना कळून चुकलं होतं की हे सगळं रेकॉर्ड होतंय. मग त्यांनी घसा साफ केला आणि पोलीस चौकीत जबाब द्यावा तसं सुरू केलं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, वय, मूळ गाव, रेल्वेतून कधी निवृत्त झाले, आणि "पूर्ण शुद्धीत सांगतो की". त्यांचा जबाब संपण्याआधी मेकॅनिकने दार उघडलं, तर ते म्हणाले, थांब जरा, आत्ता तर सेवानिवृत्तीपर्यंत आलोय.

ते एकटेच नव्हते. रेकॉर्डिंग म्हटलं की आपल्या लोकांचं बोलणंच बदलतं. एरवी शिव्या घालणारे "कृपया" म्हणायला लागले. बायकांनी जावयांबद्दल बोलणं बंद केलं. ते मला फारच जड गेलं.

सोमवारी मुलीने मला केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीनवर रिपोर्ट होता, आणि त्यातलं माझं नाव लालेलाल. "मावशी, दिवसातले निम्म्याहून जास्त कॉल तुम्ही घेतच नाही."

मी म्हटलं, "अगं, ते घ्यायचे नसतातच. ते मिस्ड कॉल आहेत. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे..."

"पण आता कॉल फ्री आहेत ना? मग बोलत का नाहीत?" हे काही चूक नव्हतं, तेच तर वाईट. "सिस्टीमला रिंगचा अर्थ कळत नाही, मावशी. तिच्या हिशेबाने तुम्ही फोन वाजू देता." मग तिने पेन खाली ठेवलं आणि आवाज मऊ केला. माणसं वाईट बोलायच्या आधी असा आवाज मऊ करतात, हे मी फोनवर शिकलेय. "पर्सनली घेऊ नका. त्या लोकांकडे फोन आपोआप उचलणारं पॅकेजही आहे. पप्पा आणि मी बघतोय की ही खुर्ची ठेवायची की नाही. दिवाळीपर्यंतचे रिपोर्ट बघून ठरवू."

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो बँकेतून रिटायर झालाय, त्याला सगळं आधीच माहीत असतं. म्हणाला, "मग उचल की फोन. त्यात काय एवढं?"

उचलायला लागले. पहिला फोन आमच्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकचा. तो बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा कोळी, बायको मासळी विकते, आणि आमच्यात मलाच काय, साहेबांनाही अरेतुरे करायची मुभा फक्त त्याला. मी हॅलो म्हटल्यावर तो एवढा दचकला की फोन त्याच्या हातून पडला. परत लावला आणि म्हणाला, "बाय, तू उचललास कशाला गो? काय झाला? घरी सगला बरा हाय ना?"

मी म्हटलं, "बरं आहे. नियम बदललाय. पोचलास की तसं बोलून सांगायचं."

"पन मी त सांगतच व्हतो," तो म्हणाला.

बाकीचे मेकॅनिक बोलायला लागले, पण रेकॉर्डिंगवर. "नमस्कार मॅडम. मी सदर इमारतीत पोहोचलेलो आहे. आपली कृपा असावी. धन्यवाद." कुठल्या लग्नपत्रिकेतून उचललं होतं कोण जाणे. एकाचं हे भाषण चालू असायचं तेव्हा लाईन अडकायची आणि लिफ्टमध्ये अडकलेल्यांना एंगेज लागायचा. एक मासळीवाली सामान घेऊन वर जाताना अडकली होती, तिला माझा रेकॉर्ड केलेला आवाज दोनदा ऐकावा लागला. मी फोनवर आले तशी म्हणाली, "आगो बाय, मना आदी भायेर कार, मंग काय ता रेकाड कर." पुढचं तिने जे ऐकवलं ते सेवेची गुणवत्ता वाढवण्यासाठी अजून कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलेलं असेल.

मग मेकॅनिक लोकांनी आपसात काहीतरी ठरवलं असणार. एका सकाळी माझ्या पर्समध्ये माझा स्वतःचा मोबाईल वाजला. एक रिंग, कट. थोड्या वेळाने दोन रिंग, कट. त्या दिवसापासून ऑफिसच्या लाईनवर मेकॅनिकचा एकही मिस्ड कॉल नाही. सगळे माझ्या पर्समध्ये. मी मांडीवर पर्स घेऊन बसायचे आणि काम पूर्वीसारखं सुरळीत चालायचं. मुलीला सांगायला गेले नाही. लाल रिपोर्ट तिला नको होता, तो आता लाल नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

दिवाळीच्या आधी तिने परत बोलावलं. रिपोर्ट हिरवागार. मी खुशीत बसले. ती म्हणाली, "मावशी, खूप छान सुधारणा. आता एकही कॉल सुटत नाही. पण बघा ना, एकूण कॉल्सच किती कमी आहेत. एवढ्यासाठी पूर्ण वेळ माणूस बसवायचं म्हणजे..."

म्हणजे फोन घेतले नाहीत म्हणून खुर्ची जाणार होती, आणि घेतले म्हणूनही गेली. मला हसू आलं, मग इतका राग आला की कानशिलं गरम झाली. पर्स माझ्या मांडीवरच होती, आणि तेवढ्यात ती वाजली. एक रिंग. मी म्हणू शकले असते, हे बघ, कॉल इकडे आहेत. नाही म्हटलं. साहेब केबिनमध्येच होते आणि पंख्याकडे बघत होते. ज्या माणसाने कायदा केला, त्याने तो सांगायला नको का? आणि जी पोर टेबलाखाली बसून रिंगा मोजायला शिकली, तिला मी कशाला परत शिकवू? ताठा म्हणा हवं तर. मला तो आहे.

निरोपाला घड्याळ दिलं. साहेब दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि एकच वाक्य बोलले, "बाई, तुमचा आवाज आमच्यात राहील." ते अक्षरशः खरं होतं. फोन केला की अजून मीच बोलत होते. फरक इतकाच की आता प्रतीक्षा करून कुणी येत नव्हतं, मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन.

घरी बसले. वाटलं, आता आरामात दुपारची झोप काढू. कसली झोप? सकाळी नऊला पहिली रिंग. मी मेकॅनिकना म्हटलं, बाबांनो, मी आता तिथे नाही. दिवाळ्याचा म्हणाला, "मंग कोनाला देव? हापिसचा फोन त लगेच उचलतंय नि तूच बोलतंस. रिंग जातच नाय." खरंच होतं ते. मशीन पहिल्या घंटेला फोन उचलतं, त्याला मिस्ड कॉल देताच येत नाही. कंपनीने त्यांना मोबाईलमध्ये बटण दाबायला दिलं होतं, पण त्यासोबत लिफ्टसमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढायचा होता. ग्रीसच्या हातांनी ते कुणी करेना.

तर मी भाजी निवडत बसायचे आणि मला माहीत असायचं की नेरूळची चालू झाली, सानपाड्याला अजून पार्ट हवाय. तीन रिंग आल्या की फोन करून पार्टच्या दुकानाला मीच कळवायचे. नवरा म्हणायचा, "याचा पगार तुला कोण देतं ते एकदा मलाही कळू दे." मी त्याला घड्याळाकडे बोट दाखवायचे.

एका दुपारी ऑफिसच्या नंबरवरून फोन आला. मी आपली सवयीने माझा आवाज ऐकायला तयार झाले, पण मुलगी बोलत होती आणि तिचा श्वास लागला होता. सानपाड्याच्या एका टॉवरमध्ये एक म्हातारी बाई गच्चीवर सांडगे वाळत घालून उतरताना अडकली होती. सोसायटीवाले ओरडत होते, कॉन्ट्रॅक्ट काढून घेऊ म्हणत होते. दिवाळ्याच्या मेकॅनिकला पाठवलं होतं, पण तो फोन उचलत नव्हता. "मावशी, तो कुठे आहे काही कळत नाहीये. पप्पा गावाला आहेत. तुम्हाला काही..."

"पोचलाय तो," मी म्हटलं. "मघाशीच एक रिंग आली."

"कुणाला?"

"मला. आता तो वर मोटरपाशी असेल, दोन्ही हात कामात. त्याला फोन करून छळू नकोस. त्या बाईंना फोन लाव आणि सांडग्यात काय काय घातलं ते विचार. सविस्तर विचार."

तेवढ्यात माझ्या कानात दुसरा फोन आल्याची टूं टूं झाली. दोनदा, आणि बंद. मी म्हटलं, "राहू दे. चालू झाली लिफ्ट. खाली विचार." तिने दुसऱ्या फोनवर विचारलं. मला पलीकडून वॉचमनचा आवाज ऐकू आला, हां मॅडम, निकल गयी, ठीक है.

मग मीच विचारलं, "हा कॉल रेकॉर्ड होतोय का?"

"हो. ऑफिसच्या लाईनवर आहे ना."

"मग नीट होऊ दे." मी त्या आजोबांसारखा घसा साफ केला. "मी, वय छप्पन, राहणार सीवूड्स, पूर्ण शुद्धीत सांगते. वीसेक वर्षं तुमच्या दारातल्या खुर्चीत बसले. अडकलेल्या माणसांशी बोलले आणि पोचलेल्या माणसांच्या रिंगा ऐकल्या. माझा आवाज तुम्ही ठेवून घेतला आणि मला घड्याळ दिलं. तू लहान होतीस तेव्हा घरी पोचलीस की एक रिंग द्यायचीस. ती येईपर्यंत मी पायात चपला घालत नव्हते. तुला ते आठवत नाही, याचं मला वाईट वाटलं. खुर्ची गेली त्याहून जास्त वाईट वाटलं. एवढंच. झालं का रेकॉर्ड?"

"झालं," ती म्हणाली. आवाज अगदी टेबलाखालून आल्यासारखा बारीक. मग फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. ओट्यावर मोबाईल वाजला. एक रिंग, कट. दिवाळ्याचा एवढ्या लवकर कुठे पोचला म्हणून वाकून बघितलं, तर नंबर त्याचा नव्हता. खिडकीतून खाली सोसायटीच्या गेटपाशी बघितलं. तिची गाडी उभी होती आणि ती बाहेर येऊन वर बघत होती.

नवरा पेपरमधून म्हणाला, "उचल की. कुणाचा आहे?"

"उचलायचा नसतो," मी म्हटलं. "पोचली ती." गॅस बंद केला, हाताचं पीठ धुतलं आणि चपला घातल्या.